हिरड्यांनी शिकविलेला धडा

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा समितीने विषयाचे बंधन घातले नव्हते. ‘आयुष्याने शिकविलेले काहीतरी सांगा’ एवढीच सूचना होती. माझ्याआधीच्या वक्त्यांनी बडोद्याचा इतिहास, सयाजीराव महाराजांची शिक्षणदृष्टी, येथील मराठी माणसांची नाट्यपरंपरा असे प्रसंगाला साजेसे विषय निवडले. मी मात्र आज आपल्यापुढे हिरड्यांविषयी बोलणार आहे. आपल्या चेहऱ्यांवरचे स्मित मला दिसते आहे. सहा वर्षांपूर्वी कोणी मला हा विषय सुचविला असता, तर मीही अशीच हसले असते. मात्र हसताना तोंडावर हात धरला असता. तो हात का धरला असता आणि आज का धरलेला नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आपली भाषा दातांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे. आपण दात-ओठ खातो, दाताच्या कण्या करतो, कोणाचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ अशी आपली अडचण होते, आणि दात कोरून पोट भरत नाही हेही आपण जाणतो. पण ज्या हिरड्यांच्या आधाराने ही सारी बत्तिशी उभी असते, त्यांच्याविषयीची एकही म्हण मला इतक्या वर्षांच्या मराठीच्या अध्यापनानंतर चटकन आठवत नाही. ज्याच्यावर भार असतो, त्याचे नाव घेतले जात नाही. घरात आईचे जे होते, तेच तोंडात हिरडीचे होते.

आईचा उल्लेख सहज झाला नाही. माझ्या आईचे सगळे दात पंचेचाळिशीच्या आत गेले. रात्री तिची कवळी पाण्याच्या वाटीत ठेवलेली असे आणि आम्हा भावंडांना ते दृश्य इतके परिचयाचे होते, की चष्म्यासारखी तीही वय झाल्याची एक खूण आहे, असेच आम्ही समजत होतो. ‘आमच्या घराण्यात दात लवकर जातात,’ हे वाक्य मी आजीच्या तोंडून ऐकले, मग आईच्या, आणि पुढे मीही ते म्हणू लागले. आजी रोज सकाळी मशेरी लावी. शेजारच्या गुजराती आजी तशीच बजर लावीत. दोघींचाही पक्का समज होता, की तंबाखूने हिरड्या घट्ट होतात. दोघींचेही दात गेले; समज मात्र शेवटपर्यंत शाबूत राहिला.

माझ्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले ते चाळिशीच्या आसपास. सकाळी ब्रश केल्यावर बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसे. मी ब्रश हळू फिरवू लागले. मग जेथून रक्त येई ती जागाच टाळू लागले. रक्त थांबावे म्हणून मी जे करीत होते, त्यानेच रोगाला मोकळे रान मिळत होते, हे मला फार उशिरा कळले. पुढे वरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये फट पडली. एका मावशींनी ते भाग्याचे लक्षण ठरविले आणि मला ते पटलेही. दुखत काहीच नव्हते. दाढ ठणकली असती तर मी दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला असता. या काळात मी दोनदा दातांत सिमेंट भरून घेतले. त्या दवाखान्यातही हिरड्यांकडे कोणी पाहिले नाही आणि मीही काही विचारले नाही.

मग वयाच्या ५२व्या वर्षी, एका दिवाळीनंतर, चकलीचा तुकडा चावताना वरची एक दाढ हलली. मी ज्या डॉक्टरांकडे गेले त्या हिरड्यांच्या तज्ज्ञ आहेत, आणि याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी ही मुलगी. तिने आरसा माझ्या तोंडात धरला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

“बाई, रक्त कधीपासून येते आहे?”

“येते अधूनमधून. तू दाढेचे बघ.”

“दाढेचे नंतर बघू, बाई. आधी मला सगळे मोजावे लागेल.”

हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक उथळ खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली १ ते ३ मिलीमीटर भरते. मिलीमीटरच्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हळूच उतरवून ही खोली मोजतात. माझ्या तोंडात तेव्हा २८ दात होते. म्हणजे १६८ आकडे. ती आकडे सांगत होती आणि तिची साहाय्यक ते तक्त्यावर लिहून घेत होती. ‘तीन, दोन, तीन. चार, तीन, पाच. सात, पाच, आठ.’ आयुष्यभर मी मुलांचे गुण असेच वाचून दाखविले होते. येथे मात्र जितका आकडा मोठा, तितका विद्यार्थी नापास. आठ ऐकल्यावर खुर्चीचा हात मी घट्ट धरला.

क्ष-किरण चित्रात उरलेले दिसले. दातांच्या मुळांना धरून ठेवणारे जबड्याचे हाड काही ठिकाणी निम्म्यापर्यंत खाली गेले होते. २०१८ साली जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या विकाराचे चार टप्पे मानतात. माझा तिसरा होता. ती म्हणाली, “बाई, दोन दाढा वाचणार नाहीत. पुढच्या एका दाताविषयी आज काही सांगता येत नाही. बाकीचे राखता येतील, पण त्यातले अर्धे काम तुमचे आहे.” आणि मग अगदी खालच्या आवाजात, “गेलेले हाड मी परत आणू शकत नाही.” काही विशिष्ट खळग्यांत शस्त्रक्रियेने थोडे हाड पुन्हा भरून येते, पण माझ्या तोंडात जसे ते सर्वत्र समपातळीत खाली गेले होते, तेथे तो उपाय चालत नाही.

घरी येताना दांडिया बाजारातून मी रिक्षाने न येता चालत आले. दोन दाढांचे दुःख नव्हते. मला लाज वाटत होती. कर्करोग झालेल्या माणसाजवळ लोक हळुवारपणे बोलतात. हिरड्या सडल्या असे सांगितले, तर पहिला प्रश्न येतो, ‘दात घासत नव्हतात का?’ तो प्रश्न दुसऱ्या कोणी विचारण्याआधीच मी स्वतःला शंभरदा विचारून झाले होते. वर्गावर्गांत स्वच्छतेचे धडे शिकविणाऱ्या शिक्षिकेचे तोंड आतून असे निघावे!

या लाजेने पुढे सहा महिने माझे किती नुकसान केले ते मला सांगितलेच पाहिजे, कारण तेवढे नुकसान रोगानेही केले नव्हते. मी कोणाला काही सांगितले नाही. वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलू लागले. कविता मोठ्याने वाचून दाखविणे बंद केले. ते काम एका विद्यार्थिनीकडे दिले आणि तिला प्रोत्साहन देत असल्याचे भासविले. शिक्षकखोलीत डबा खाताना पाठ करून बसू लागले. सहकाऱ्यांना वाटले, बाईंना कशाचा तरी राग आला आहे.

याच्याही मुळाशी एक भीती होती, आणि ती केवळ मराठीच्या शिक्षकाला, त्यातही महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शिक्षकालाच कळेल. ज्याची शाश्वती नव्हती तो माझा वरचा पटाशीचा दात होता. आपल्या पूर्वीच्या व्याकरणकारांनी उच्चारस्थाने ठरविताना त-वर्ग, ल आणि स यांना दंत्य म्हटले. मराठीत याशिवाय आणखी एक धन आहे. आपल्या च, ज आणि झ यांना दोन-दोन उच्चार आहेत. एक तालव्य आणि दुसरा दंततालव्य, ज्यात जिभेचे टोक दातांच्या मागे टेकते. चूल, चाक, जावई हे शब्द उच्चारून पाहा. लिपी हा फरक दाखवीत नाही. ‘जग’ असे लिहिले तर ते विश्वही असते आणि ‘जगत राहा’ अशी आज्ञाही असते. कोणते ते फक्त तोंड सांगते. आपल्या मुलांच्या कानांवर दिवसभर गुजराती आणि हिंदी पडते. त्या भाषांत हा दुसरा च नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून मी हा भेद घोटून घेत आले. बडोद्याच्या मुलाला मराठी ‘चूल’ नीट म्हणता आली, की तो दिवस मला सार्थकी लागल्यासारखा वाटे. आणि आता तोच च ज्या दातावर टेकतो, तो दात जाणार होता.

आता थोडे शास्त्र सांगते, कारण माझ्या लाजेवर पहिला उतारा शास्त्रानेच दिला.

दातांवर जंतूंचा एक चिकट थर सतत साचत असतो. तो काढला नाही तर लाळेतील क्षारांमुळे कठीण होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. हिरडी या जंतूंशी झुंजताना सुजते, लाल होते, रक्ताळते. १९६५ साली डेन्मार्कमधील आर्हूस येथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत त्या सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि दात घासणे पुन्हा सुरू करताच साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या. म्हणजे या पहिल्या पायरीवरून पूर्णपणे परत फिरता येते. मी त्या पायरीवर दहा वर्षे उभी होते. सूज हिरडीखाली उतरून हाडापर्यंत पोहोचली, की परतीचा रस्ता बंद होतो. तेथून पुढे फक्त थांबता येते.

मग सर्वांनाच हाडापर्यंतचा रोग का होत नाही? याच लोए यांनी १९७०पासून श्रीलंकेतील चहामळ्यांतील ४८० मजुरांचा १५ वर्षे अभ्यास केला. त्या मजुरांना ब्रश ठाऊक नव्हता आणि दंतवैद्यही मिळत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर किटण होते. तरीही सुमारे ११ टक्के मजुरांच्या हिरड्या सुजण्यापलीकडे रोग गेला नाही, ८१ टक्क्यांच्या तोंडात तो मध्यम गतीने वाढला, आणि ८ टक्क्यांच्या तोंडात इतक्या वेगाने, की तरुणपणीच दात गळू लागले. अस्वच्छता सारखीच, पण फळ वेगवेगळे. जंतूंना प्रत्येक शरीर वेगळे उत्तर देते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. आजीचे वाक्य अर्धे खरे होते. ‘आमच्या घराण्यात दात लवकर जातात’ याचा अर्थ ‘म्हणून काही करू नये’ असा आम्ही लावला. ‘म्हणून आपण इतरांपेक्षा अधिक जपले पाहिजे’ असा लावायला हवा होता.

सुश्रुतसंहिता चाळताना मला आणखी एक गंमत कळली. तिच्या निदानस्थानात मुखाच्या सात स्थानांतील ६५ रोग मोजले आहेत. त्यांत प्रत्यक्ष दातांचे रोग ८, आणि दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांचे, १५. अकस्मात रक्त येणाऱ्या, दुर्गंधी सुटणाऱ्या, मऊ पडून झिजणाऱ्या हिरड्यांना तेथे ‘शीताद’ म्हटले आहे, आणि ज्यात पू-रक्त येऊन दात हलू लागतात त्या अवस्थेला ‘दंतवेष्ट’. माझ्या रोगाला इतके जुने नाव आहे हे वाचून मला विलक्षण धीर आला. माझ्या आधी असंख्य तोंडांतून ही वाट गेली होती.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझी साखर तपासायला लावली. एचबीएवनसी ८.६ निघाले. मला मधुमेह होता आणि तो मला माहीत नव्हता. मधुमेह हिरडीचा प्रतिकार दुबळा करतो, आणि हिरडीतील सततची सूज साखर आवरू देत नाही. दोघे एकमेकांना धरून चालतात. हिरड्या बऱ्या झाल्या की साखरेलाही काहीसा उतार पडतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. माझे डोळे आणि मूत्रपिंडे वेळेत जपली गेली, ती एका हलणाऱ्या दाढेमुळे. त्या दाढेचे उपकार मी विसरणार नाही.

उपचार चार बैठकांत झाले. भूल देऊन तोंडाच्या एकेका भागातील, हिरडीखालील किटण मुळांपर्यंत खरवडून काढले. दोन दाढा काढल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तेच १६८ आकडे, आता गेलेल्या दाढांमुळे १५६. पुष्कळशा सातांचे चार झाले होते. जेथे सहा राहिले तेथे हिरडी बाजूला करून शस्त्रक्रिया करावी लागली. खर्च माझ्या पगाराला जड होता. तो हप्त्यांनी भागविला. ज्यांना तोही शक्य नसेल त्यांनी सरकारी दंत महाविद्यालयांची वाट धरावी, तेथे हेच उपचार अल्प खर्चात होतात. हेही आधीच सांगते, की सूज उतरली की हिरडी आक्रसते, दात लांब दिसू लागतात, थंड पाणी झोंबते, आणि किटणाने एकमेकांना चिकटलेले दात मोकळे झाल्याने काही दिवस अधिक हलल्यासारखे वाटतात. ‘दात साफ करून घेतले आणि ते हलू लागले’ ही घरोघरी ऐकू येणारी तक्रार यातूनच जन्मते. हलवलेले असते रोगाने. किटणाने ते झाकलेले असते.

शाश्वती नसलेला पुढचा दात काही महिने टिकला. शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून ठेवला होता. एका पावसाळ्यात तो काढावा लागला. त्या जागी बसवायचा कृत्रिम दात पहिल्यांदा नीट बसेना, म्हणून तो दुरुस्तीला गेला आणि दहा दिवस माझ्या तोंडात उघडी खिंड राहिली. मी रजा घ्यायचे ठरविले. पण त्याच आठवड्यात दुसरीच्या वर्गशिक्षिका आजारी पडल्या आणि मुख्याध्यापिकांनी मला त्या वर्गावर पाठविले. नाही म्हणायला कारण सांगावे लागले असते, म्हणून मी गेले.

मी तोंडावर रुमाल धरून वर्गात शिरले. समोर सात वर्षांची तीस-पस्तीस मुले. आणि त्यांतील निम्म्यांच्या तोंडांत पुढच्या दातांच्या जागी खिंडी! या वयात दुधाचे पुढचे दात पडतात हे मी तीस वर्षे पाहत आले होते, पण त्या दिवशी प्रथमच ते माझ्या नजरेला पडले. रुमाल नकळत खाली आला. पहिल्या रांगेतील एक मुलगा उभा राहिला.

“बाई, तुमचा पण पडला?”

“हो रे.”

“छतावर टाकला का?”

“नाही टाकला.”

“मग नवा कसा येणार?”

“माझा आता नवा येणार नाही. डॉक्टर करून देणार आहेत.”

त्याने क्षणभर विचार केला. “जिभेने सारखे चाचपू नका, बाई. वाकडा येतो.”

साऱ्या वर्गाने त्याला दुजोरा दिला. सहा महिने ज्या प्रश्नाला मी भीत होते, तो प्रश्न आला आणि त्याच्यासोबत सहानुभूतीही आली. त्या दिवशीचा पाठ ‘च’च्या शब्दांचा होता. मी फळ्यावर चूल, चाक, चटणी लिहिले. आम्ही सगळे मिळून म्हणू लागलो. हवा खिंडींतून शीळ घालीत सुटत होती. कोणाचाच च नीट येत नव्हता. त्यांचाही आणि माझाही. मग एका मुलीने शोध लावला, की जीभ किंचित मागे, हिरडीला टेकवली की जमते. मी करून पाहिले. जमले. व्याकरणाच्या पुस्तकात मी ‘दंतमूल’ हा शब्द कितीदा शिकविला असेल. तो उच्चारून दाखविला दुसरीतल्या एका मुलीने. ज्या हिरड्यांची मी इतकी वर्षे उपेक्षा केली, त्यांनीच माझा च सांभाळला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर शिक्षकखोलीत मी सहकाऱ्यांना सारे सांगितले. ऐकणाऱ्या अकरा जणांपैकी चौघांनी तेथेच कबूल केले, की आपल्याही हिरड्यांतून रक्त येते. पुढच्या पंधरवड्यात ते चौघे तपासून आले. तिघांचा रोग परत फिरता येण्याच्या पायरीवर होता. मी सहा महिने आधी बोलले असते, तर ते सहा महिने आधी गेले असते. लाज केवळ आपले नुकसान करीत नाही, हे मला त्या दिवशी समजले.

आज माझ्या तोंडात माझे स्वतःचे २५ दात आहेत. साखर आटोक्यात आहे. दर तीन महिन्यांनी मी मोजणीला जाते, आणि जन्मभर जाणार आहे. स्वीडनमधील कार्लस्टाड येथे अशा नियमित देखरेखीखाली लोकांना ३० वर्षे ठेवून पाहिले गेले. इतक्या प्रदीर्घ काळात त्यांचे सरासरी दोन दातही गेले नाहीत. रोज रात्री मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दोन मिनिटे, आणि मग दातांच्या फटींतून फिरवायचा बारीक ब्रश. एकूण सात-आठ मिनिटे लागतात. पहिल्या वर्षी ती शिक्षा वाटे. आता देवापुढे दिवा लावण्याइतके ते सहज झाले आहे.

येथे बसलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. ब्रश करताना रक्त येणे नैसर्गिक नाही. नखे कापताना रोज रक्त आले असते, तर आपण स्वस्थ बसलो असतो का? दात पूर्वीपेक्षा लांब दिसत असतील, नव्या फटी पडत असतील, तोंडाची दुर्गंधी जात नसेल, तर हिरड्या मोजून घ्या. नुसते दात पाहून घेऊ नका. मीठ-तेलाने वरवर बरे वाटते, पण सात मिलीमीटर खोल ते पोहोचत नाही. धूम्रपान करणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते आणि रोग लपून राहतो. मधुमेहींनी आणि गरोदर भगिनींनी आवर्जून तपासणी करावी. आणि ज्यांच्या आई-वडिलांच्या वाटीत कवळी होती, त्यांनी चाळिशीची वाट पाहू नये.

विश्वस्तांकडे एक मागणी आहे. शाळेत मुलांची दंततपासणी होते. त्याच दिवशी शिक्षक, शिपाई, मावशी आणि पालक यांच्या हिरड्यांचीही मोजणी व्हावी. आपले माजी विद्यार्थी दंतवैद्य आहेत. मी स्वतः एकीला विचारले आहे. ती येण्यास तयार आहे.

शेवटी दोन शब्द शाळेविषयी. हा हीरक महोत्सव आहे. रोषणाई आहे, आणि ती असायलाच हवी. पण या सभागृहातील जुन्या शिक्षकांना आठवत असेल, की एकेका इयत्तेच्या दोन-दोन तुकड्या होत्या त्यांची एकच तुकडी कधी झाली, ते आपल्यापैकी कोणालाच नेमके सांगता येत नाही. दुखले नाही. दर वर्षी दोन-चार मुले कमी झाली, आणि आपण ‘बडोद्यात आता मराठी माणसे कमीच झाली’ असे म्हणून ती जागा टाळीत गेलो. जी मुले गेली ती परत येणार नाहीत हे मी आता मोकळेपणाने मान्य करते. जी आहेत त्यांच्यासाठी रोज थोडे, न कंटाळता, न लपविता करीत राहणे एवढे आपल्या हाती आहे. माझ्या डॉक्टर विद्यार्थिनीचा शब्द मला फार आवडतो. ती ‘बरे करू’ म्हणत नाही; ती म्हणते, ‘राखू या, बाई.’ साठ वर्षांपूर्वी ज्यांनी ही शाळा उभारली, त्यांनी आपल्या हाती दिले ते हेच, राखण्याचे काम.

गेल्या जूनमध्ये मी निवृत्त झाले. शेवटच्या तासाला मुलांनी विचारले, “बाई, फळ्यावर काहीतरी लिहून जा ना.” मी ‘जग’ एवढेच लिहिले आणि त्यांना वाचायला सांगितले. अर्ध्या वर्गाने ते विश्व म्हणून वाचले आणि अर्ध्या वर्गाने आज्ञा म्हणून. दोन्ही उच्चार अगदी स्वच्छ होते.